चलान गाडीला, मोबाइल चालकाच्या हातात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडी चालवताना मोबाइल वापरणाऱ्यांविरुद्धची ‘विशेष मोहीम’ पुण्यात अधूनमधून निघते. आठवडाभर चौकाचौकांत धरपकड होते, किती चलाने झाली आणि किती लाखांचा दंड बसला याची बातमी येते, आणि पुढच्या सोमवारी कर्वे रस्त्यावर डावा हात कानाशी, उजवा ॲक्सिलरेटरवर हे दृश्य पुन्हा हजर. मग दंड वाढवा, अशी पत्रे वाचकांकडून येतात. आमचे मत वेगळे आहे. दंड पुरेसा आहे. मोबाइल हा चालकाचा गुन्हा. त्याची शिक्षा मात्र आपण गाडीच्या नंबरावर चढवतो, आणि कायद्याने ज्या लायसन्सकडे बोट दाखवले आहे त्याला फार क्वचित हात लावतो. खरी गळती तिथे आहे.

कायदा नेमका काय म्हणतो ते आधी सांगायला हवे, कारण रस्त्यावर हुज्जत घालणाऱ्या दोन्ही बाजूंना तो बहुधा अर्धाच ठाऊक असतो. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यातली मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली आणि कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणे, याच्या स्पष्टीकरणात काही कृत्ये नावानिशी आली : सिग्नल तोडणे, थांब्याची खूण न पाळणे, हातात धरण्याचे संपर्क साधन वापरणे, नियम सोडून ओव्हरटेक करणे, उलट दिशेने येणे. पहिल्यांदा सापडल्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात जागेवर भरायचे तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ मध्ये वाढले : पहिल्या वेळी दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० आणि इतर वाहनांना ४,००० रुपये, तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केल्यास १०,०००. गणवेशातल्या पोलिसासमोर कलम १८४ चा गुन्हा घडला तर कलम २०२ खाली वॉरंटशिवाय अटकही करता येते. तशी अटक व्हावी असे आमचे म्हणणे नाही, पण ‘साधी पावती फाडा आणि सोडा’ या वर्गातला हा गुन्हा नाही, हे त्यावरून कळावे.

यापुढचा भाग लोकांना माहीतच नसतो. कलम २०६ च्या चौथ्या पोटकलमाप्रमाणे, कलम १८४ चा गुन्हा झाला असे पोलिसाला सकारण वाटले तर त्याने चालकाचे लायसन्स ताब्यात घेऊन ते परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, पाठवायचे आहे. कलम १९ खाली आरटीओने चालकाचे म्हणणे ऐकून पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्रता आणि दुसऱ्याला लायसन्स रद्द, असा आदेश कारणे लिहून देता येतो. लायसन्स परत मिळवायचे तर उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य कलम २०० मध्ये आहे : तडजोड शुल्क भरले म्हणून लायसन्सवरची ही कारवाई टळत नाही. म्हणजे ‘साहेब, दंड भरला की, विषय संपला’ हे कायद्याला मान्य नाही. विषय तिथून आरटीओत जायला हवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये मोबाइल वापरणे हे लायसन्स निलंबनाचे कारण म्हणून आहेच, आणि सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने तर २०१५ मध्येच अशा गुन्ह्याला किमान तीन महिने निलंबन करा, असे राज्यांना कळवले होते.

मग अडते कुठे? ई-चलान पद्धतीत. हवालदार गाडीचा फोटो काढतो, नंबर टाकतो, चलान नोंदणीकृत मालकाच्या मोबाइलवर जाते. हेल्मेट, पार्किंग, झेब्रा पट्टी यांना हे ठीक चालते. मोबाइलच्या गुन्ह्यात मात्र गाडी वडिलांच्या नावावर असते, चालवत असते मुलगी. कॅब एका मालकाची, तीन चालक पाळीने चालवतात. कितीतरी दुचाकी विकल्या गेलेल्या, पण नाव अजून जुन्याच मालकाचे आणि नोंदीतला फोन नंबर कधीच बंद पडलेला. चलानावर चालकाच्या लायसन्सचा नंबरच नसतो. नंबर नाही म्हटल्यावर ‘दुसऱ्यांदा सापडला’ हे कोण ठरवणार? दहा हजारांची तरतूद मग कागदावरच राहते, कारण संगणकाला फक्त गाडी आठवते, माणूस नाही. मालकाने चालक कोण ते सांगितले पाहिजे अशी तरतूद कलम १३३ मध्ये आहे. तशी नोटीस काढायची कोणी, हा प्रश्न. त्यात लोकअदालत जवळ आली की थकलेली चलाने तडजोडीने कमी रकमेत मिटवायला रांगा लागतात. थकवणाऱ्याला सवलत आणि वेळेवर भरणाऱ्याला पूर्ण दंड, असा उलटा धडा त्यातून जातो. कलम १८४ ची चलाने त्या सवलतीतून सरळ वगळावीत.

म्हणून पहिली गोष्ट : मोबाइलसाठी गाडी थांबवलीच पाहिजे. लांबून फोटो काढून सोडून देणे या गुन्ह्याला पुरेसे नाही. थांबवायची कुठे आणि कशी, यात मात्र कौशल्य आहे.

आज बहुतेक कारवाई सिग्नलच्या लाल दिव्यात होते, कारण तिथे माणूस आयता उभा असतो. पण धोका लाल दिव्यात कमी. लाल दिव्यात सुरू केलेला मेसेज हिरव्या दिव्यात पूर्ण होतो, खरा धोका तो. त्यामुळे पोलिसाने सिग्नलच्या आधी न थांबता चौक ओलांडल्यावर साठ-सत्तर मीटरवर, बाहेर जाणाऱ्या बाजूला थांबावे. तिथे जो मान खाली घालून येतो तो नि:संशय चालत्या गाडीत फोन वापरत असतो, आणि ‘मी तर थांबलो होतो’ ही पळवाटही उरत नाही.

दोन माणसांची जोडी हवी. एक टेहळणीला, एक अडवायला, मध्ये साधारण दीडशे मीटर. ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ११ मीटर कापते, म्हणजे अडवणाऱ्याला तेरा-चौदा सेकंद मिळतात. तेवढ्यात वायरलेसवर ‘पांढरी स्कूटर, शेवटचे चार आकडे अमुक, डावा कान’ असे सांगून होते आणि समोरचा शांतपणे हात दाखवू शकतो. अंतर पन्नास मीटर ठेवले तर पाचच सेकंद हातात राहतात. मग पोलीस धावत रस्त्यात येतो, चालक गोंधळून ब्रेक मारतो आणि मागचा त्याच्यावर आदळतो. चालत्या दुचाकीचा हात ओढणे, किल्ली काढून घेणे हे प्रकार तर बंदच व्हावेत. किल्ली काढण्याचा अधिकार कायद्यात कुठे नाही, आणि धावत्या गाडीची किल्ली काढली तर पडणाऱ्याची जबाबदारी कोणावर येईल, हे सांगायला वकील लागत नाही. वॉर्डनने वाहतूक वळवावी, टेहळणीला मदत करावी. लायसन्स ताब्यात घेण्याचे काम त्याचे नाही.

टेहळणीचा माणूस उंचावर असेल तर उत्तम. फुटपाथवरून मोटारीतल्या माणसाच्या कानाशी धरलेला फोन दिसतो, मांडीवरचा दिसत नाही. आणि कारमधले बहुतेक मेसेज मांडीवरच टाइप होतात. पादचारी पूल किंवा मेट्रो स्थानकाचा जिना एवढी उंची त्यासाठी पुरते. कर्वे रस्त्यावर गरवारे कॉलेज आणि नळ स्टॉप, नगर रस्त्यावर येरवड्यापासून रामवाडीपर्यंत अशा जागा हव्या तेवढ्या आहेत. काचांचेही पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत गेला पाहिजे. गडद फिल्म लावलेल्या गाडीत काय चालले आहे ते कुठूनही दिसत नाही, तेव्हा ती फिल्म आधी काढायला लावणे हा मोबाइलवरच्या कारवाईचाच भाग समजावा.

कुठे थांबवू नये, हेही लिहितो. उड्डाणपुलाच्या उतारावर नाही, वळणानंतर लगेच नाही, आणि कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर कोणत्याही परिस्थितीत नाही. तिथे मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापलेले असतात. त्या पट्ट्यात कॅमेराच लागेल.

आता पुरावा. वाद इथेच होतात आणि बऱ्याच वेळा चालकाचे म्हणणे बरोबरही असते. फोटोत हात कानाशी दिसतो, पण हातात फोन आहे की माणूस कान खाजवतो आहे, ते कळत नाही. नंबर प्लेट दिसते तर चेहरा नाही, चेहरा दिसतो तर प्लेट नाही. एकच फोटो काढू नये. दोन-तीन सेकंदांच्या अंतराने दोन फोटो घ्यावेत : एकात उपकरण आणि हात, दुसऱ्यात नंबर प्लेटसह पूर्ण गाडी, मागे ओळखता येईल अशी एखादी खूण, आणि गाडी चालती होती हे दोन्हींतल्या जागेच्या फरकावरून कळावे. याहून चांगले म्हणजे अंगावरच्या कॅमेऱ्याचे दहा सेकंदांचे चित्रण. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढू नयेत. चित्रण इलेक्ट्रॉनिक पुरावा म्हणून उभे राहायचे असेल तर ते कोणत्या यंत्रावर, कोणाच्या ताब्यात, कधी तयार झाले याचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. घरगुती फोटोंच्या गॅलरीतून काढलेला पुरावा न्यायालयात पहिल्याच प्रश्नाला पडतो. यंत्राचे घड्याळ आणि जागेची नोंद रोज सकाळी तपासावी. फोटो स्वारगेटचा आणि चलान हडपसरचे, एवढ्यावर अख्खे प्रकरण निकालात निघू शकते.

चलानावर खंड कोणता लिहायचा, यातही चूक होते. कलम १८४ च्या स्पष्टीकरणात मोबाइलचा खंड (सी), आणि त्यात शब्द ‘हातात धरण्याचे’ साधन असा आहे. पुण्यात फोन हातात असतोच कुठे! तो हेल्मेट आणि गाल यांच्या मध्ये कोंबलेला असतो, स्कार्फच्या घट्ट गुंडाळीत कानाशी खोचलेला असतो, किंवा मान वाकडी करून खांद्याने दाबलेला असतो. चालक म्हणतो, ‘माझे दोन्ही हात हँडलवर आहेत, बघा.’ अशा वेळी खंड (सी) वर हट्ट धरू नये. त्याच स्पष्टीकरणात शेवटचा खंड आहे : सक्षम आणि सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्या फार खाली जाणारी, आणि धोका उघड दिसत असताना केलेली, कोणतीही चालवण्याची तऱ्हा. मान खांद्यावर टेकवून मुठा नदीवरचा पूल ओलांडणारा त्यात सहज बसतो. पंचनाम्याच्या भाषेत ‘मान डावीकडे झुकलेली, डावा आरसा पाहत नव्हता, लेन सोडून अमुक इतका सरकला’ असे निरीक्षण दोन ओळींत लिहिले की पुरे.

ब्लूटूथवर किंवा गाडीच्या स्पीकरवर बोलणे मात्र आज खंड (सी) मध्ये येत नाही, हे पोलिसांनीही मान्य करावे. कानात हेडफोन दिसला म्हणून मोबाइलचे चलान करणे चूक, आणि अशा चुकीच्या चलानांमुळे बरोबर चलानेही बदनाम होतात. रस्ता पाहण्यासाठी फोन वापरायलाही मुभा आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनची तरतूद सांगते की वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाची एकाग्रता ढळणार नाही असा हवा. म्हणजे फोन स्टँडवर, ठिकाण निघण्यापूर्वी टाकलेले, आवाज चालू. चालता चालता पत्ता टाइप करणे त्यात बसत नाही.

कायद्यात बसत नाही म्हणून हँड्सफ्री सुरक्षित, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो आणि हँड्सफ्रीने तो फारसा कमी होत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना वर्षानुवर्षे सांगते आहे. अमेरिकेतल्या एएए फाउंडेशन या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेसाठी युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये केलेल्या चाचण्यांत, नुसती तोंडी आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष पुरते ठिकाणावर यायला काही यंत्रणांच्या बाबतीत २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ४० ने २७ सेकंदांत ३०० मीटर रस्ता मागे पडतो.

स्कूटरवाल्यांसाठी एक तांत्रिक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) किंवा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचे आहे, आणि बिगरगिअरच्या बहुतेक स्कूटरना कंपन्यांनी सीबीएस दिली. तिच्यात डावा लिव्हर दाबला की मागचा आणि पुढचा असे दोन्ही ब्रेक एकत्र लागतात. उजवा लिव्हर फक्त पुढचा. आता फोन धरलेला हात बहुतेकांचा डावा, कारण उजवा ॲक्सिलरेटरवर हवा. म्हणजे अचानक कुत्रे आडवे आले तर नेमका तोल सांभाळणारा ब्रेक हाताशी नसतो. उजव्या हाताने एकट्या पुढच्या चाकाचा ब्रेक जोरात दाबला जातो, हँडल एका बाजूने ओढले जाते, आणि रस्त्यावर खडी किंवा पाणी असेल तर पुढचे चाक सरकून गाडी पडते. तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिले तर ताशी ४० ने ३३ मीटर गाडी आंधळी जाते. पीएमपीची मोठी बस १२ मीटरची, तेव्हा जवळपास तीन बसची रांग. हे गणित लायसन्सच्या चाचणीत विचारावे, निदान उजळणी प्रशिक्षणात तरी शिकवावे. ‘नियम पाळा’ या घोषणेपेक्षा ते लवकर पटते.

कॅमेऱ्यांकडे वळतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून जी यंत्रणा चालू आहे ती वेगाबरोबर सीटबेल्ट आणि मोबाइलही टिपते. शहरात असे कॅमेरे वाढवायचे तर खांबावर कॅमेरा लावला की झाले, असे होत नाही. पुढच्या काचेवर आकाशाचे प्रतिबिंब पडते, दुपारी तर आतले काहीच दिसत नाही. त्यासाठी ध्रुवीकरण फिल्टर आणि इन्फ्रारेड प्रकाश लागतो. मांडीवरचा फोन दिसायचा तर कॅमेरा रस्त्यावरच्या कमानीवर, खाली तिरका हवा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१९ मध्ये सहा महिन्यांच्या चाचणीत अशा कॅमेऱ्यांनी ८५ लाख वाहने तपासली, त्यांत एक लाखाहून अधिक चालक फोन वापरताना दिसले. तिथे यंत्र संशयित फोटो निवडते आणि माणूस पाहून खात्री करतो. डिसेंबर २०१९ पासून तीन महिने त्यांनी फक्त ताकीदपत्रे पाठवली आणि १ मार्च २०२० पासून दंड सुरू केला. हा क्रम पुण्यानेही घ्यावा. ताकीदपत्राच्या काळात यंत्राच्या चुका सापडतात. पर्स, पॉवर बँक, हातातला चष्मा यांनाही यंत्र फोन समजू शकते.

आपल्याकडे ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेला, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला कॅमेऱ्यांविषयीचा नियम १६७-अ पुरेसा स्पष्ट आहे. यंत्राला मंजुरीचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे, कॅमेरा असल्याची पाटी हवी, गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत जायला हवी, सोबत गुन्हा आणि नंबर प्लेट दोन्ही दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण हवे. त्यातल्या शहरांच्या यादीत पुणे आहे. चलान मिळालेल्याने हे एकेक तपासून पाहावे, आणि पोलिसांनी यातले काही राहिले असेल तर चलान पाठवूच नये. कॅमेऱ्याच्या चलानासोबत कलम १३३ ची नोटीस आपोआप निघावी, ‘त्या वेळी गाडी कोण चालवत होते, लायसन्स नंबर कळवा’ अशी. एवढा एक बदल संगणकात केला तरी चालक आणि चलान यांची गाठ पडेल.

नागरिकांनी पाठवलेल्या फोटोंवरही कारवाई होऊ शकते; वाहतूक शाखेचे पीटीपी ट्रॅफकॉप ॲप त्यासाठीच आहे. फक्त स्वतः गाडी चालवत दुसऱ्याचा फोटो काढणारे महाभाग पुण्यात कमी नाहीत. तो फोटो पाठवणे म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा स्वतः जमा करणे. फोटो मागे बसलेल्याने किंवा फुटपाथवरच्याने काढावा.

बसमधल्या प्रवाशाचा फोन किती कामाचा ठरतो ते मार्च २०२५ मध्ये दिसले. दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक धावत्या गाडीत मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. प्रवाशाने चित्रण केले, ते परिवहनमंत्र्यांपर्यंत पोचले, चालकाची नोकरी गेली आणि गाडी पुरवणाऱ्या खासगी कंपनीला पाच हजारांचा दंड झाला. पाच हजार ही रक्कम त्या कंपनीला जाणवली असेल असे वाटत नाही. चालक पुरवण्याच्या करारातच दर घटनेमागे बिलातून ठरावीक कपात लिहिली, तर ठेकेदार स्वतःहून केबिनमध्ये कॅमेरा बसवेल. पीएमपीच्या ठेकेदारांनाही हेच लागू करता येईल. गाडी डेपोतून निघताना चालकाचा फोन वाहकाकडे, शेवटच्या थांब्यावर परत, एवढी साधी पद्धतही चालेल.

घरपोच डबे आणि किराणा पोचवणाऱ्या मुलांचे प्रकरण वेगळे आहे. त्यांना केवळ दंड करून उपयोग नाही, कारण चालत्या गाडीत नवी ऑर्डर स्क्रीनवर येते आणि ती ठरावीक सेकंदांत स्वीकारली नाही तर हातची जाते. फोनला गाडीचा वेग कळतो. वेग ताशी दहाच्या वर असताना ऑर्डरची घंटी न वाजवता ती थांबल्यावर दाखवणे, किंवा मुदत तेवढी वाढवणे, हे कंपन्यांना करता येण्यासारखे आहे. परिवहन खात्याने परवानगीच्या अटींत ते घालावे.

आता आरटीओ. पोलिसांनी पाठवलेले लायसन्स इथे आल्यावर नोटीस, सुनावणी आणि आदेश या तीन पायऱ्या लागतात, आणि सुनावणी टाळून दिलेला आदेश अपिलात टिकत नाही. पण सुनावणी म्हणजे महिनोन्महिने नव्हे. घटनेपासून तीन दिवसांत पोलिसांनी फोटो, दोन ओळींचे निरीक्षण आणि लायसन्स नंबर पाठवावा. तिसाव्या दिवसापर्यंत आदेश व्हावा. आठवड्यातला एक ठरलेला दिवस फक्त याच सुनावण्यांना द्यावा. लायसन्स कागदी नसले तरी अडत नाही : ऑक्टोबर २०२० पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचे लायसन्स ग्राह्य आहे आणि जप्तीची नोंदही पोर्टलवरच करता येते, मूळ कार्ड मागायची गरज नाही. ‘लायसन्स घरी आहे’ म्हणणाऱ्याला सोडून देण्याचे कारण त्यामुळे उरलेले नाही. पुण्यात शिकायला आणि नोकरीला आलेल्यांची लायसन्से एमएच १३, एमएच २४, एमएच २६ अशी सोलापूर, लातूर, नांदेडची असतात. पूर्वी टपालाने कागद पाठवताना अर्धी प्रकरणे वाटेत हरवायची. ‘सारथी’ या लायसन्सच्या पोर्टलवर सगळे एकत्र आहे, तेव्हा हीही सबब गेली.

निलंबनाचा धाक दंडापेक्षा मोठा का, ते अपघात दाव्यांत कळते. विमा पॉलिसीत चालकाबाबतचे कलम असते : चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवे आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. निलंबनाच्या तीन महिन्यांत गाडी काढली आणि कोणाला धडक बसली, तर विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती गाडीमालकाकडून वसूल करायला मागे लागते. ही रक्कम लाखांत जाते. शिवाय पुणेकराला दोन हजार रुपयांपेक्षा आरटीओचा हेलपाटा आणि दिवसभराचे प्रशिक्षण अधिक बोचते, हे काही गुपित नाही.

अपघातानंतरच्या तपासाविषयी थोडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात मोबाइलमुळे ३,३९५ मृत्यू नोंदले आहेत, देशातल्या १,६८,४९१ रस्ते-मृत्यूंपैकी जेमतेम दोन टक्के. सत्तर टक्क्यांवर मृत्यू ‘अतिवेग’ या रकान्यात. या दोन टक्क्यांवर आमचा विश्वास नाही, कारण फोन तपासला जातच नाही. घटनास्थळी गाडी चेपलेली दिसते आणि कारण ‘अतिवेग’ लिहिले जाते. तपास अधिकाऱ्याने पंचनाम्यात फोन कुठे सापडला, स्क्रीन चालू होती का, कोणते ॲप उघडे होते, हे लिहावे. कॉलचा तपशील मोबाइल कंपनीकडून मागवायला पोलीस उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, ती लगेच घ्यावी. त्यात साधे कॉल आणि एसएमएस दिसतात. व्हॉट्सॲपवरचे बोलणे किंवा रील दिसत नाहीत, त्यासाठी इंटरनेट वापराची वेगळी नोंद मागवावी लागते. हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला ९० दिवसांत द्यायच्या सविस्तर अपघात अहवालात जोडावे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खालच्या निष्काळजीपणाच्या खटल्यातही अपघाताच्या मिनिटाला चालू असलेला कॉल हा ‘गाडीचा वेग जास्त असावा’ या साक्षीपेक्षा किती तरी भक्कम पुरावा आहे. उलट, जखमी दुचाकीस्वारच फोनवर होता असे निघाले तर त्याच्या भरपाईतून त्याच्या चुकीचा वाटा कापला जातो, हेही कुटुंबांना ठाऊक असावे.

शेवटी मागणी. वाहतूक शाखा आणि आरटीओने मिळून दर महिन्याला तीन आकडे जाहीर करावेत : मोबाइलसाठी किती चालकांना थांबवून लायसन्स नोंदले, त्यातली किती प्रकरणे आरटीओकडे गेली, आणि किती लायसन्से निलंबित झाली. किती लाख दंड जमला हा आकडा नाही दिला तरी चालेल. आणि चौथा रकाना ठेवावा पोलीस व परिवहन खात्याच्या स्वतःच्या वाहनांचा. कायदा राबवणाऱ्या यंत्रणेने हा कायदा मोडला तर कलम २१०-ब प्रमाणे शिक्षा दुप्पट आहे. तेव्हा गस्तीच्या मोटारसायकलवर हातात फोन धरलेला हवालदार दिसला तर त्याचे चलान दोन हजारांचे व्हायला हवे.

आपले,
अपघात दाव्यांचे काम करणारे काही वकील आणि वाहन प्रशिक्षक,
शिवाजीनगर, पुणे